चौकीसमोरची तिसरी पावलं

चिठ्ठीत नाव निघालं म्हणून हेमांगी निगडे पोलीस तक्रार मंडळावर आली. सोनवळ शहरात हे मंडळ नवंच होतं. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच तपासायची नाही, तीन नागरिकांनी तपासायची, असा कायदा झाला होता. तिघांत एक निवृत्त न्यायाधीश. बाकीचे दोघे मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. हेमांगीने तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली होती. कायद्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे तिने पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं.

अध्यक्ष केळुसकर बाई हसल्या. "म्हणूनच तुम्हाला बोलावलंय, निगडे बाई. कळणारे इतकी वर्षं होतेच की."

दुसरे सदस्य बागवान यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. ते कमी बोलायचे आणि प्रत्येक कागद दोनदा वाचायचे. पहिल्या आठ महिन्यांत तिघांनी मिळून एकोणीस तक्रारी निकालात काढल्या. विसावी तक्रार संदेश खिल्लारेची.

संदेश घरोघर पार्सलं पोचवायचा. वय एकतीस. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास जुन्या सूतगिरणीजवळच्या पोलीस चौकीसमोर त्याची मोटरसायकल अडवली गेली. चुकीच्या बाजूने आलास म्हणून हवालदार अंकुश वाघचौरे यांनी त्याला खाली उतरवलं. इथपर्यंत दोघांचं म्हणणं एकच होतं. संदेश म्हणत होता, "मी त्यांचं नाव विचारलं, तर त्यांनी मला मारलं." वाघचौरे म्हणत होते, "तो तावातावाने पायरी चढायला गेला, घसरला आणि लोखंडी कठड्यावर आपटला." संदेशच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. डोक्याला मार बसल्यामुळे त्या पाच-सात मिनिटांतलं त्याला निम्मंशिम्मंच आठवत होतं. चौकीवरचा कॅमेरा त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता.

"मग आता भूकर्ण," बागवान म्हणाले.

भूकर्ण हे नाव वर्तमानपत्रवाल्यांनी दिलेलं. यंत्र मुळात पाण्याच्या गळत्या शोधायला बसवलेलं होतं. शहरभर रस्त्यांखाली इंटरनेटसाठी काचेचे तंतू टाकले होते, केसाएवढे बारीक. त्या तंतूंतून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाची ठिणगी सोडायची. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात कुठे कुठे सूक्ष्म दोष असतात, आणि प्रत्येक दोषावरून थोडासा प्रकाश मागे फिरतो. जमीन जरा हादरली की तंतू ताणला जातो, डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतका कमी, पण तेवढ्यानेही मागे फिरणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. कोणत्या जागेवरून बदललेला प्रकाश आला ते मोजलं, की तंतूचा प्रत्येक हातभर तुकडा हा एक कान होतो. फुटलेल्या नळाचा आवाज ऐकता ऐकता या कानांना माणसांची पावलंही ऐकू यायला लागली. टाच आधी टेकली की चवडा, यावरून माणसाचं तोंड कुठे आहे तेही समजायला लागलं. नव्वद दिवसांच्या नोंदी साठवलेल्या असत. ज्या जागेबद्दल तक्रार असेल तेवढ्या जागेच्या, तेवढ्या वेळेच्या नोंदी मागायचा अधिकार मंडळाला मिळाला होता.

"एक मात्र लक्षात ठेवा," यंत्र सांभाळणाऱ्या डॉक्टर इला मुजुमदार दर वेळी सांगायच्या. त्या भूगर्भशास्त्राच्या. "याला बोलणं ऐकू येत नाही. फक्त हादरे. माणूस काय म्हणाला, हसला की रडला, ते याच्या गावीही नसतं."

त्या दिवशी पडद्यावर तीन ठिपके आले. निळा ठिपका संदेशचा, लाल वाघचौरेंचा. दोघे पायरीजवळ. निळा मागे सरकला, लाल पुढे. एक धक्का. थोड्या वेळाने दुसरा. मग मोठा हादरा, म्हणजे कुणीतरी पडलं.

"हे दोन धक्के मारल्याचे आहेत?" बागवानांनी विचारलं.

"मारल्यामुळे तोल जाऊन पाय आपटला असेल, किंवा रागाने त्याने स्वतःच आपटला असेल," इलाबाई म्हणाल्या. "यंत्र म्हणतंय मारल्याची शक्यता अठ्ठावन्न टक्के."

"म्हणजे काहीच नाही," केळुसकर बाई पुटपुटल्या.

हेमांगीचं लक्ष मात्र तिसऱ्या ठिपक्याकडे होतं. तो करडा होता. रस्त्याच्या पलीकडे बंद टपरीपाशी कुणीतरी येऊन थांबलं होतं आणि पहिल्या धक्क्यानंतर, पडण्याच्या आधी, मागे वळलं होतं. मग निघून गेलं होतं. इलाबाईंनी ती पावलं मोठी करून दाखवली. डावं पाऊल नीट पडत होतं. उजवं आधी थोडं ओढलं जाई, मग अलगद टेके. चार पावलांनंतर एक छोटा थांबा. पुन्हा चार.

हेमांगीच्या हातातला पेन टेबलावर पडला. चार पावलं आणि थांबा. तीन वर्षं ती हे घरात ऐकत होती, स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत.

"काय झालं?" केळुसकर बाईंनी विचारलं.

"काही नाही. हात घसरला."

आपण असं का म्हणालो, हे तिला तेव्हाही कळलं नाही.

विद्याधर निगडे शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांचा उजवा गुडघा बदलला होता. घरी ते, हेमांगी आणि विद्याधरांची शहाऐंशी वर्षांची आई. आईंना आता कुणाची नावं आठवत नसत. मुलगी लग्न होऊन नाशिकला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता हेमांगीने विचारलं, "अहो, फेब्रुवारीत तुम्ही सूतगिरणीच्या रस्त्याने गेला होतात का कधी?"

"मी कशाला तिकडे जातोय?"

"संध्याकाळी. सहाच्या आत."

"संध्याकाळी मी वाचनालयात असतो. तुला माहीत आहे." त्यांनी पेपर उघडला. "का गं?"

"सहज."

वाचनालयाचा रस्ता सूतगिरणीवरून जात नव्हता, हे खरं. पण जाता आलंच नसतं असंही नव्हतं. हेमांगीला वाटलं, आपण उगाच काहीतरी जुळवतोय. शहरात लंगडणारी माणसं काय थोडी आहेत? मग वाटलं, नवऱ्याची चाल बायकोला कळत नाही तर कुणाला कळते? दिवसभर ती या दोन वाटण्यांच्या मधेच राहिली. भाजीत मीठ दोनदा पडलं.

तिने इलाबाईंना गाठलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "ती करडी पावलं? बदललेल्या गुडघ्याची आहेत. पण गंमत बघा. पालिकेच्या योजनेत तीनशेच्या वर माणसांना एकाच बनावटीचा गुडघा बसवलाय, आणि चालायला शिकवणाऱ्या बाईही एकच. ती सगळी माणसं थोडीफार सारखीच चालतात. खरा माणूस समोर चालवून बघितला तरच सांगता येईल. आपल्या कचेरीच्या बोळात पिवळ्या पट्टीखाली यंत्राच्या सरावासाठी टाकलेला तंतू आहे ना, त्यावरून."

विद्याधरांचा गुडघा त्याच योजनेतला होता. म्हणजे आता ते तीनशे जणांपैकी एक होते. हेमांगीला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची भीतीही वाटली.

दोन दिवसांनी तिने दुपारी घरी फोन केला. "अहो, चष्मा विसरले. आणून देता?"

चष्मा तिच्या पर्समध्ये होता.

विद्याधर आले. बोळातून चालत आले, पिवळ्या पट्टीवरून. इलाबाईंच्या खोलीतल्या पडद्यावर आकडा उमटला: करड्या पावलांशी जुळणी एक्क्याण्णव टक्के. इलाबाईंनी आकड्याकडे पाहिलं, दारातून आत येणाऱ्या माणसाकडे पाहिलं, मग हेमांगीकडे.

"घरात चष्मा सापडला नाही, जुना आणलाय," विद्याधर म्हणाले. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे नुकतीच पडलेली त्यांची पावलं अजून ओळीने चमकत होती. ते थोडा वेळ बघत राहिले. आयुष्यभर चित्रं बघितलेला माणूस. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही.

"बाहेर येतेस?" ते म्हणाले.

आवारात रेनट्रीखाली सिमेंटचा बाक होता. दोघे बसले.

"विचारायचं होतंस मला."

"विचारलं होतं."

विद्याधरांनी मान हलवली. "हो. विचारलं होतंस."

"तुम्ही तिथे होतात?"

"होतो."

"काय बघितलंत?"

"तेच तर." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "हेमा, खरं सांगतो, मला माहीत नाही. पहिल्या दिवशी माहीत होतं. मग रोज मी स्वतःला सांगत गेलो की तो पोरगा घसरला. इतक्यांदा सांगितलं की आता डोळे मिटले की तो घसरतानाच दिसतो. पाय सुटताना, हात कठड्याकडे जाताना, सगळं. चित्र काढून देईन इतकं स्पष्ट. आणि ते मी बघितलंय की मी काढलंय, हे मला सांगता येत नाही."

"पण का? कशासाठी सांगत गेलात स्वतःला?"

"तुला आठवतं, दोन वर्षांपूर्वी आई घरातून निघून गेली होती? तू मुलीकडे होतीस."

"पोलिसाने आणून सोडलं होतं त्यांना."

"तोच हा. वाघचौरे. मे महिना, भर दुपारची वेळ. आई बायपासवर अनवाणी चालत होती. त्याने स्वतःच्या चपला तिला घातल्या, ती स्कूटरवर बसायला तयार होईना म्हणून तिच्यासोबत ढकलत आणली स्कूटर, दोन किलोमीटर. दारात आला तेव्हा त्याच्या पायांना फोड आले होते. मी चहा विचारला तर म्हणाला, 'माझी आई असती तर?'"

वाघचौरेंचा चेहरा हेमांगीने मंडळासमोर पाहिला होता. जाड मान, घट्ट मिटलेले ओठ. तिने मनातल्या मनात त्यांना केव्हाच एका खणात टाकून दिलं होतं. आता त्याच माणसाचे फोड आलेले पाय तिच्या डोळ्यांसमोर येत होते, आणि हे पाय त्या चेहऱ्याला काही केल्या जोडले जात नव्हते.

"तुम्ही साक्ष द्याल?"

"काय साक्ष देऊ? मला माहीत नाही, अशी?"

ते उठले आणि गेले. चार पावलं, थांबा. चार पावलं.

हेमांगी आत आली. इलाबाई म्हणाल्या, "तो आकडा मी पुसलाय. कुणाच्या परवानगीशिवाय त्याची चाल साठवता येत नाही, आपल्यालाही नाही. मी काही बघितलं नाही, निगडे बाई. पण तुम्ही बघितलंय."

ती केळुसकर बाईंच्या खोलीत गेली. दारातूनच म्हणाली, "मला या प्रकरणातून बाजूला व्हायचंय."

केळुसकर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण?"

"माझ्या घराशी संबंध आहे."

"तक्रारदाराशी की हवालदाराशी?"

"दोघांशीही, बहुतेक. मलाच कळत नाहीये."

केळुसकर बाईंनी टेबलावरच्या करड्या पावलांच्या कागदाकडे पाहिलं. एवढंच म्हणाल्या, "बाजूला होणं तुमच्या हातात आहे. नाव सांगणं हे ज्याचं नाव आहे त्याच्या हातात. पण सुनावणी सोमवारी आहे, आणि त्यानंतर खिल्लारेकडे अठ्ठावन्न टक्क्यांपलीकडे काहीही नाही."

त्या चार दिवसांत घरात वाद झाला नाही. बोलणंच झालं नाही. आईंना भरवणं, औषधं, दळण, सगळं नेहमीसारखं. विद्याधर जेवताना एकदम थांबायचे, घास हातात तसाच. हेमांगीला वाटायचं, आता बोलतील. ते पाणी मागायचे. तिला त्यांचा राग येत होता, आणि त्यांना फसवून चालवल्याची लाजही वाटत होती. यातलं कुठलं आधी बोलावं हे ठरत नव्हतं, म्हणून काहीच बोललं जात नव्हतं.

सोमवारी ती उठली तेव्हा विद्याधर घरात नव्हते. शेजारच्या वहिनींना आईंजवळ बसवून गेले होते. कुठे जातोय ते सांगितलं नव्हतं.

सुनावणीला हेमांगी लोकांच्या खुर्च्यांत बसली, मागच्या रांगेत. तिची टेबलामागची खुर्ची रिकामी होती. संदेश पुढे बसला होता, शेजारी त्याची बायको प्रज्ञा. कुणी बोललं की तो मान उजवीकडून पुढे करायचा. पलीकडे वाघचौरे, साध्या कपड्यात, हात मांडीवर. त्यांचे वकील यंत्राबद्दल बोलत होते.

"अठ्ठावन्न टक्के! एवढ्याशा भरवशावर एकवीस वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्या माणसाला दोषी ठरवायचं? आणि तो तिसरा ठिपका. तो माणूस वळला आणि निघून गेला. समोर मारहाण चालली असती तर तो थांबून बघत राहिला असता. वळला, याचाच अर्थ तिथे बघण्यासारखं काही नव्हतं."

हेमांगीला क्षणभर तेही पटलं. गर्दी जमते ती भांडण बघायलाच.

"मी बोलू का?"

दाराजवळून आवाज आला. विद्याधर उभे होते. कधी आले ते तिला दिसलंच नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, शाळेत तपासणी असली की घालायचे तसा. वाघचौरेंनी वळून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. ते अर्धवट उठलेसुद्धा, नमस्कार करायला. मग काहीतरी लक्षात येऊन खाली बसले.

विद्याधरांनी नाव सांगितलं, वय सांगितलं. त्या संध्याकाळी टपरीपाशी आपणच होतो, असं सांगितलं. आणि हवालदारांनी आपल्या आईला घरी आणून सोडलं होतं, तेही सांगितलं, न विचारता.

"तुम्ही मारताना बघितलंत?" केळुसकर बाईंनी विचारलं.

"मला आता खात्रीने सांगता येत नाही. डोळ्यांपुढे येतं ते घसरण्याचं चित्र येतं. पण ते मी नंतर रंगवलेलं असू शकतं."

वकील हसले. "मग साक्ष कसली देताय, सर?"

"मी वळलो त्याची." विद्याधरांनी एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला. "तेवढं मला पक्कं आठवतं. आणि ते त्या यंत्रातही आहे. मी तो पडण्याच्या आधी वळलो."

"का वळलात?" केळुसकर बाईंनी विचारलं.

विद्याधरांनी संदेशकडे पाहिलं.

"त्याने मला हाक मारली म्हणून."

"कुणी?"

"या मुलाने. पहिला फटका बसल्यावर त्याला मी दिसलो. तो ओरडला, 'काका, तुम्ही तरी सांगा यांना, मारू नका म्हणावं.' मला तो शब्द न् शब्द ऐकू आला. डोळ्यांनी काय बघितलं ते मी रोज थोडं थोडं बदलत गेलो. पण कानांनी ऐकलेलं मला बदलता आलं नाही. मी वळलो आणि चालायला लागलो. दुसरा धक्का आणि पडल्याचा आवाज मी पाठीवर ऐकला."

वकिलांनी कागद चाळले.

संदेश मान पुढे करून विद्याधरांकडे बघत होता. हे सगळं त्याला पहिल्यांदाच कळत होतं. आपण कुणाला तरी हाक मारली होती, हे त्याच्या आठवणीत नव्हतं. त्याने प्रज्ञाला हळूच विचारलं, "काय म्हणाले ते? मी काय म्हणालो होतो?" प्रज्ञाने त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

सुनावणी संपल्यावर बोळात वाघचौरे विद्याधरांच्या समोर आले. हेमांगी मधे जायला निघाली, पण वाघचौरे फक्त म्हणाले, "आई बऱ्या आहेत ना, सर?"

"बरी आहे," विद्याधर म्हणाले.

"जपा त्यांना." आणि ते निघून गेले.

ती धमकी होती, टोमणा होता, की खरंच विचारलं होतं? हेमांगीने त्या शब्दांचा स्वर कितीदा आठवून पाहिला. दर वेळी निराळा लागला.

निकाल पंधरा दिवसांनी आला. तक्रार खरी ठरली. वाघचौरेंवर खात्यांतर्गत कारवाईची शिफारस झाली, ते निलंबित झाले. संदेशच्या कानाच्या उपचाराचा भार पोलीस खात्याने उचलावा असा आदेश निघाला. निकालाच्या शेवटी केळुसकर बाईंनी एक वाक्य लिहिलं होतं: यंत्राने पावलं दाखवली, ती का वळली हे माणसाला सांगावं लागलं. वर्तमानपत्रांनी ते चौकटीत छापलं. हेमांगीने मंडळाचा राजीनामा दिला. केळुसकर बाईंनी तो तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा ठेवून घेतला.

एका रविवारी सकाळी विद्याधर म्हणाले, "त्या मुलाला भेटून येऊ."

"काय बोलणार?"

"तिथे गेल्यावर बघू."

संदेशचं घर रेल्वे वसाहतीच्या मागे होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा ओटा. दार प्रज्ञाने उघडलं. तिने दोघांना ओळखलं, आत वळून पाहिलं आणि आत जाऊन आली.

"ते म्हणतात, त्यांना नाही भेटायचं."

"बरं," विद्याधर म्हणाले. "आम्ही निघतो."

"बसा जरा. उन्हातून आलात." तिने ओट्यावर चटई टाकली, तांब्या-पेला आणून ठेवला. "मला तुमचे आभार मानावेत की दार लावून घ्यावं, हेच कळत नाहीये, काका. तुम्ही आला नसता तर ते खोटे ठरले असते. आणि त्या दिवशी तुम्ही वळला नसता तर..." तिने वाक्य सोडून दिलं.

"मलाही नाही कळत," विद्याधर म्हणाले.

दोघांनी पाणी प्यायलं. आत संदेश खोलीत इकडून तिकडे चालत होता. दाराजवळ यायचा, थांबायचा, परत जायचा. प्रज्ञा उंबऱ्यात उभी राहून कधी आत बघायची, कधी बाहेर. हेमांगीला वाटलं आता उठावं. आपण इथे बसलोय म्हणून तो बाहेर येत नसेल. पण आपण उठलो आणि तो तेवढ्यात बाहेर आला तर?

तिने विद्याधरांकडे पाहिलं. ते दाराकडे तोंड करून बसले होते. पेला रिकामा झाला होता, तरी तो त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"अहो, निघायचं का?" तिने हळूच विचारलं.

"थोडं थांबू," ते म्हणाले.

प्रज्ञाने पेला पुन्हा भरला.